परग्रहवासीयांनी उचलून नेलेल्या माणसाची विनोदी मालिका: सोलापुरात पहिला भाग कसा उभा करायचा

परग्रहवासीयांनी माणूस उचलून नेला, या कल्पनेवर विनोदी मालिका करायला घेतलेले गट बहुतेक एकाच जागी अडकतात. सुरुवात यानापासून होते. थर्माकोलची तबकडी, हिरवा रंग, मोबाइलवरच्या इफेक्टचं अ‍ॅप यात सगळा उत्साह संपतो. पटकथा शूटिंगच्या आदल्या रात्री लिहिली जाते. मग पहिली तीन मिनिटं यान दिसतं आणि उरलेल्या वेळात चार माणसं एकमेकांना "अरे, ते काय होतं?" विचारत बसतात.

या प्रकारात हसू यानातून येत नाही. परत आलेला माणूस घरी, कामावर, शेजारी काय सांगतो आणि ऐकणारा काय समजतो, तिथून ते येतं. म्हणून इथला क्रम उलटा आहे: आधी साक्षी, मग पटकथा, मग जागा, आणि यान सगळ्यात शेवटी.

## तयारी: कामाला हात लावण्याआधी

पहिला भाग १२ मिनिटांचा धरा. बावीस मिनिटांचा मोह आवरा. विनोदी संवाद वेगाने जातात, त्यामुळे १२ मिनिटांना १३-१४ पानं लागतात आणि तेवढी पानं घट्ट लिहिणं हेच मोठं काम आहे. पात्रं सहा: चार अनुभव घेतलेले, एक नवखा, एक परग्रहवासी. सातवं पात्र सुचलं तर दुसऱ्या भागासाठी ठेवा.

सामान असं:

- हाताने सेटिंग बदलता येईल असा कॅमेरा किंवा तसं अ‍ॅप असलेला चांगला फोन, आणि ट्रायपॉड
- दोन लॅपल माइक (कपड्याला अडकवायचे)
- दोन एलईडी पॅनेल
- पाच-सहा जाड सोलापुरी चादरी आणि चार काळे टेरी टॉवेल
- एक दोनशे पानी वही

चादरी पांघरायला नाहीत. पत्र्याच्या किंवा रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. कॅमेऱ्याच्या मागे आणि दोन्ही बाजूंना दोरीवर चादरी टांगल्या की तो बराच बसतो. काळा टेरी टॉवेल प्रकाश शोषून घेतो, नको तिथे पडणारा उजेड अडवायला तो उत्तम.

## टप्पा १: परग्रहवासीयांचं नियमपत्रक

वहीच्या पहिल्या पानावर पाच प्रश्नांची उत्तरं लिहा. एका पानाच्या वर जाऊ नका.

1. ते का येतात?
2. त्यांना काय जमत नाही?
3. त्यांच्यावर साहेब कोण?
4. त्यांची नेहमीची चूक कोणती?
5. सोलापूरच का?

दुसरा आणि चौथा प्रश्न गाळला की मालिका कोसळते. सगळं येणाऱ्या परग्रहवासीयावर विनोद होत नाही. २०१६ साली अमेरिकेत टीबीएस वाहिनीवर सुरू झालेल्या 'पीपल ऑफ अर्थ' या मालिकेत एका लहान गावातला, उचलून नेल्याचा अनुभव सांगणाऱ्यांचा आधारगट आहे आणि दुसरीकडे उचलून नेणारे परग्रहवासी आहेत. अशा कहाण्यांमध्ये नेहमी भेटणारे तिन्ही प्रकार तिथे आहेत: करडे, उंच गोरे आणि सरड्यासारखे. पण प्रेक्षक हसतात ते त्यांच्यातल्या नोकरीच्या कुरबुरींवर. यानातही कुणाला तरी कामाचा कंटाळा आलेला असतो. उसनं घ्यायचं तर हे घ्या. त्यांचे चेहरे घेऊन काही साधणार नाही.

पाचव्या प्रश्नाचं एक उत्तर नमुन्यादाखल देतो. परग्रहवासीयांकडे गिरणी कामगारांची जुनी यादी आहे. लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्या चालू होत्या तेव्हाची. गिरणीचा भोंगा झाला की पाळी सुटते आणि रस्त्यावर माणूस मिळतो, एवढंच त्यांना शिकवलेलं. आता गिरण्या बंद, भोंगा बंद, त्यामुळे त्यांची वेळ कायम चुकते आणि यादीतल्या माणसाऐवजी त्याचा नातू वर जातो. एका उत्तरात त्यांची चूक आली, त्यांची मर्यादा आली आणि शहरही आलं.

तपासणी: पाचव्या उत्तरातलं सोलापूर काढून नाशिक घाला. उत्तर तसंच चालत असेल तर ते अजून तयार नाही.

सावधान: या शहरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी एकाच गल्लीत ऐकू येतात. परग्रहवासी म्हणजे "बाहेरून आलेले लोक" असा इशारा कुठल्याही संवादातून निघता कामा नये. कुणाच्या बोलण्याच्या ढंगाला हसायचं, हाही विनोद नव्हे. परग्रहवासीयाला चारही भाषा नीट येतात आणि फक्त भाव करता येत नाही, असं ठेवा. पुढे त्याचा फार उपयोग होतो.

## टप्पा २: चार साक्षी लिहा

हा टप्पा सगळ्यात जास्त वेळ घेतो आणि हाच वगळला जातो. पटकथेआधी चारही पात्रांची साक्ष स्वतंत्र लिहायची. प्रत्येकी एक पान, "मी" म्हणून, पात्राच्या तोंडच्या भाषेत.

अशा कहाण्यांचा सांगाडा जगभर जवळजवळ सारखाच आहे. १९ सप्टेंबर १९६१च्या रात्री अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधून गाडीने घरी निघालेल्या बेटी आणि बार्नी हिल या जोडप्याची कहाणी गाजली, तिच्यातला मुख्य धागा हाच होता: आकाशात दिवा दिसला, आणि घरी पोचायला जेवढा वेळ लागायला हवा त्याहून जास्त लागला. मधला वेळ हरवला होता. हा हरवलेला वेळ तुमच्या साक्षीचा कणा आहे.

आपल्याकडे हे ऐकणाऱ्याला नवीन नाही. रात्री शेताच्या वाटेने निघालेला माणूस त्याच बांधावर फिरत राहिला, पहाटे भानावर आला, ही चकव्याची गोष्ट प्रत्येक घरात कुणीतरी सांगितलेली असते. त्यामुळे तुमच्या पात्राने कितीही यान यान म्हटलं तरी आई म्हणणार, "चकवा लागला असेल," आणि मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढायला बसणार. लिहायला बसण्याआधी घरातल्या थोरांकडून अशा दोन-तीन गोष्टी ऐका. कथानक सोडून द्या. सांगणारा कुठे थांबतो, कुठला तपशील पुन्हा पुन्हा सांगतो, कुठे "खोटं वाटंल, पण" म्हणतो, ते वहीत टिपा.

प्रत्येक साक्षीत चार गोष्टी हव्यात: उचललं तेव्हा हातात कोणतं काम होतं, हरवलेला वेळ कशावरून कळला, परत आल्यावर काय बदललेलं होतं, आणि पहिल्यांदा कुणाला सांगितलं.

दुसरी गोष्ट सर्वात महत्त्वाची. घड्याळ दाखवू नका. माणूस आपला वेळ आपल्या कामाने मोजतो, हरवलेला वेळही तसाच कळू द्या.

विडी वळणारी अक्का. हजारातल्या सहाशे विड्या झाल्या होत्या. खिडकीतून उजेड आला. भानावर आली तेव्हा हजार पूर्ण, बंडलं बांधलेली, पानाचा चुरासुद्धा खाली नाही. कारखान्यात माल दिला तर एकही विडी छाटात, म्हणजे खराब म्हणून बाजूला, गेली नाही. तिची तक्रार उचलून नेल्याची नाहीच. तिला विचारायचंय की ते परत कधी येणार.

एसटीचे निवृत्त कंडक्टर. शेवटच्या मुक्कामी गाडीत एक प्रवासी चढला, त्याने तिकीट मागितलं ते यादीत नसलेल्या थांब्याचं. वेबिलात, म्हणजे फेरीच्या तिकिटांच्या हिशोबपत्रात, त्या तिकिटाचा हिशोब आजवर लागलेला नाही. यानात काय झालं ते त्यांना आठवत नाही, पण त्या तिकिटाचे सुटे पैसे द्यायचे राहिले, हे आठवतं.

यंत्रमागाचा जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा. रात्रपाळीला माग बंद पडला, तो वाकून दुरुस्त करत होता. सरळ उभा राहिला तर टॉवेल विणून झालेले, आणि किनारीत कुणालाच न वाचता येणारी अक्षरं. मालकाने तो माल दुय्यम म्हणून बाजूला टाकला. जॉबरला त्या टॉवेलांची काळजी आहे. पुरावा म्हणून नाही, विणकाम चांगलं होतं म्हणून.

घरकुलातला तरुण. कुंभारीजवळच्या विडी कामगारांच्या वसाहतीत एकसारखी हजारो घरं आहेत. परग्रहवासीयांनी त्याला परत आणून सोडलं, पण चुकीच्या घरात. त्या घरच्यांनी सकाळी त्याला चहा दिला आणि अजून कुणी विषय काढलेला नाही.

या चौघांपैकी एकाच्याही साक्षीत हिरवा चेहरा नाही, हे लक्षात घ्या.

तपासणी: साक्षीतून परग्रहवासी पूर्ण काढून टाका. उरलेल्या माणसाला अजूनही काहीतरी हवंय का? अक्काला मदत हवी, कंडक्टरना हिशोब जुळवायचाय. काहीच उरत नसेल तर ती साक्ष पुन्हा लिहा.

### शंका घेणाऱ्यालाही खरा मुद्दा द्या

गटात एक जण तरी न मानणारा हवा, आणि तो मूर्ख नको. सोलापूरच्या आकाशात खरोखर विचित्र दिसू शकणाऱ्या गोष्टी आहेत, त्या त्याच्या हातात द्या.

- टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं हैदराबादला बलून केंद्र आहे. पातळ पॉलिथिनचे प्रचंड फुगे तिथून उपकरणं घेऊन ३० ते ४२ किलोमीटर उंचीपर्यंत जातात. उपकरणं पुढे पॅराशूटने खाली येतात, आणि ती ज्या जिल्ह्यांत पडू शकतात त्यांच्या सूचनेत सोलापूरचंही नाव असतं. हात लावू नका, पोलिसांना कळवा, असं त्यात सांगितलेलं असतं.
- पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने २०१८ आणि २०१९च्या पावसाळ्यात सोलापूर परिसरात कृत्रिम पावसाचे प्रयोग केले. विमानाच्या पंखांना लावलेली नळकांडी ढगाच्या तळाशी पेटवून कॅल्शियम क्लोराइडचे कण सोडायचे, अशी पद्धत.
- २ एप्रिल २०२२च्या संध्याकाळी महाराष्ट्राच्या आकाशातून जळते तुकडे जाताना दिसले आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरी गावात धातूची मोठी रिंग पडली. तो अग्निबाणाचा अवशेष होता.
- स्टारलिंकचे उपग्रह सोडल्यावर पहिले काही दिवस एका ओळीत दिवे चालल्यासारखे दिसतात. आणि शुक्र तर दरवर्षी कुणाला ना कुणाला फसवतोच.

झोपेतली गोष्टही त्याला माहीत असू द्या. स्वप्नाच्या झोपेत शरीराचे स्नायू सैल पडलेले असतात. कधी मेंदू जागा होतो आणि स्नायू अजून सुटलेले नसतात. माणसाला हलता येत नाही, छातीवर भार वाटतो, खोलीत कुणीतरी उभं आहे याची खात्री होते. हा अनुभव घेणारा माणूस खोटं बोलत नसतो. संवाद लिहिताना हे विसरू नका. पात्राने पाहिलेल्याचं कारण दुसरं असू शकतं, पण त्याची भीती खरी आहे. भीतीला हसणारी मालिका दोन भागांत आटोपते.

## टप्पा ३: चौघांना एका खोलीत आणा

चार अनोळखी माणसं दर गुरुवारी संध्याकाळी एका खोलीत का जमतात, याचं घरच्यांना पटेल असं कारण लागतं. "आधारगट" हा प्रकार आपल्या घरांत कुणी सहज सांगत नाही. माझं मत स्पष्ट आहे: भिशी ठेवा. घरी सांगायचं, भिशी आहे.

भिशीमुळे कथानक आपोआप चालू लागतं. महिन्याच्या शेवटी कुणाची तरी भिशी लागायला हवी, म्हणजे घरी पैसे दाखवायला हवेत. शेजारीण विचारते, "आम्हाला पण घ्या की." नवखा माणूस खरंच भिशी समजून हजार रुपये घेऊन येतो, आणि त्याला दोन तास कळत नाही की हे लोक कशाबद्दल बोलतायत. पहिल्या भागाचा नवखा तोच. त्याच्याबरोबर प्रेक्षकालाही कळत जातं.

नेहमीची चूक: गटातल्या सगळ्यांना एकच गोष्ट हवी असते, "सत्य शोधायचं". तसं केलं की चौघंही एकाच सुरात बोलतात. एकाला परत जायचंय, एकाला विसरायचंय, एकाला हिशोब हवाय, एकाला नुसतं कुणीतरी ऐकून घ्यायला हवंय. भांडण तिथे होतं.

## टप्पा ४: पटकथा

दृश्यं आठ ठेवा. क्रम साधारण असा बसतो: अक्काची साक्ष, एका दमात, थेट कॅमेऱ्याकडे, नवख्याच्या घरी भिशीची चर्चा, गटाची खोली, जॉबरचे टॉवेल, नवख्याचा गैरसमज फुटतो, तो घरी परतताना रस्त्यावरचा उजेड, यानातलं एक छोटं दृश्य, सकाळी तो चुकीच्या घरात चहा पितोय.

उचलून नेण्याचं दृश्य सहावं आहे. ते पहिलं ठेवायचा मोह प्रत्येकाला होतो. पहिल्याच दृश्यात यान दाखवलं तर अक्काच्या साक्षीत प्रेक्षकाला शंका उरत नाही, आणि शंका नसेल तर नवख्याच्या गोंधळात मजा नाही.

बोली जपून वापरा. सोलापूरचा "बे" दोन मित्रांत शोभतो, सुनेच्या तोंडी सासऱ्यासमोर नाही.

"काय बे, रात्री कुठं होतास?"
"वर गेलतो."
"वर म्हंजे गच्चीवर?"
"त्याच्या वर बे."

एवढ्यावर थांबा. पाचवं वाक्य लिहिलंत की विनोद समजावून सांगायला लागाल. कंडक्टर मात्र सगळ्यांना "अहो-जाहो" करतील, परग्रहवासीयालासुद्धा. आणि अक्का चिडली की तेलुगूत बोलेल. तो संवाद तेलुगू घरातल्या माणसाकडूनच लिहून घ्या, अंदाजाने जुळवू नका.

मग वाचन. सगळे नट बसवून पटकथा एकदा मोठ्याने वाचा आणि कुणीतरी बाहेरचं ऐकायला बसवा. जिथे हसू आलं तिथे खूण करा. जिथे लिहिणारा एकटाच हसला तिथे दुसरी खूण करा, आणि ते वाक्य काढा.

तपासणी: वाचन १२ मिनिटांच्या वर गेलं तर शूटिंग करू नका. आधी कापा.

## टप्पा ५: जागा, आणि कुठे जायचं नाही

जागा बघायला जाताना डोळ्यांआधी कान लावा. यंत्रमागाचा खडखडाट दोन गल्ल्या पलीकडे पोचतो. दिवसा शांत वाटलेली खोली रात्रपाळी सुरू झाली की निकामी होते. ज्या वेळी शूट करायचंय त्याच वेळी जाऊन पाच मिनिटं आवाज रेकॉर्ड करा आणि हेडफोनवर ऐका. कारखान्यातलं दृश्य सुट्टीच्या दिवशी घ्या. चालू मागाशेजारी संवाद घेता येत नाहीत, आणि सैल कपड्यातला नट तिथे उभा करणं धोक्याचं आहे.

परवानग्यांचं थोडक्यात:

- भुईकोट किल्ला हे पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे. लेखी परवानगीशिवाय चित्रीकरण नाही.
- नान्नजच्या माळढोक अभयारण्यात रात्री दिवे घेऊन जाऊ नका. मोकळा माळ लागतोय ना, मग एखाद्या शेतकऱ्याचं पड रान त्याला विचारून घ्या.
- ड्रोन उडवण्याआधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाचा नकाशा बघा. होटगी रस्त्यावरच्या विमानतळामुळे शहराचा मोठा भाग निर्बंधाखाली येतो. खरं तर या मालिकेला ड्रोन लागतच नाही.
- रस्त्यावर शूट असेल तर पोलीस ठाण्यात आधी अर्ज द्या, आणि शेजाऱ्यांना स्वतः जाऊन सांगा. रात्री १० नंतर स्पीकर लावता येत नाही.

सावधान: आकाशाकडे लेझर किंवा सर्चलाइट रोखू नका. विमान उतरवणाऱ्याचे डोळे दिपतात. उडते आकाशकंदीलही नकोत, उन्हाळ्यातल्या कडब्याच्या गंजीला एक ठिणगी पुरते.

सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा जानेवारीत असते. होम मैदानावरचे पाळणे आणि त्यांचे फिरते दिवे पार्श्वभूमीला सुंदर दिसतात. तिथे फक्त बिनसंवादाचे शॉट घ्या, आवाज नंतर घाला. धार्मिक विधी चालू असताना कॅमेरा आणि वेशातला नट दोन्ही लांब ठेवा.

## टप्पा ६: उचलून नेण्याचं दृश्य

आता यान. ते दाखवायचं नाही, त्याचा उजेड दाखवायचा.

1. वेळ. पूर्ण अंधारात फोनचं चित्र दाणेदार होतं. सूर्य मावळल्यावर साधारण वीस मिनिटं आकाश निळं असतं, तेव्हा रुंद शॉट घ्या. जवळचे शॉट नंतर अंधारात, दिव्यावर. तालीम आधी करून ठेवा, त्या वीस मिनिटांत शिकवायला वेळ नसतो.
2. सेटिंग. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा, नाहीतर ट्यूबलाइट आणि रस्त्याचे दिवे लपलपतील. फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा. लॉक नसेल तर दिवा येताच फोन आपोआप चित्र काळं करतो.
3. वरचा उजेड. गच्चीच्या कठड्याला बांबू घट्ट बांधून त्यावर पॅनेल लावा. पॅनेलला दुसरी सुटी दोरी बांधून ती कठड्याला अडकवा, म्हणजे गाठ सुटली तरी खाली उभ्या नटाच्या डोक्यात काही पडणार नाही. बांबू हळूहळू फिरवा. जमिनीवरच्या सावल्या सरकू लागल्या की वर काहीतरी मोठं फिरतंय असं वाटतं. हा फिरता उजेड शंभर इफेक्टपेक्षा खरा दिसतो.
4. झोत. उजेडाचा खांब दिसायला हवेत कण लागतात. मोकळ्या रानात वारा धूर टिकू देत नाही, म्हणून हा शॉट बंद खोलीत किंवा शेडमध्ये घ्या. धुपाटण्यात ऊद टाकला तरी पुरतो. कुणाला दमा आहे का, आधी विचारा, आणि दोन शॉटमध्ये दारं उघडा. सुताचे ढीग असलेल्या शेडमध्ये निखारा नेऊ नका.
5. वस्तू वर जाणं. विडीची पानं वरून खाली टाका आणि शॉट उलटा चालवा. पानं जमिनीवरून उठून वर जातात. त्या शॉटमध्ये माणूस नको. पापणी आणि पदर उलटे हलले की प्रेक्षकाला लगेच कळतं.
6. माणूस नाहीसा होणं. कॅमेरा ट्रायपॉडवर, अजिबात न हलवता. नट उभा असतानाचा शॉट, मग पॅनेल पूर्ण उजेडावर, नट बाहेर, त्याच्या चपला जागेवर. संपादनात पांढऱ्या उजेडावर जोड द्या.

तपासणी: जागेवरच फोनवर सहावा शॉट बघा. मागचं झाड किंवा तार दोन्ही तुकड्यांत एकाच जागी नसेल तर परत घ्या. घरी जाऊन हे दुरुस्त होत नाही.

यानातलं दृश्य एका कोपऱ्यात उरका. काळ्या टेरी टॉवेलांची भिंत, एक टेबल, जुनी यादी, आणि यादीतली नावं खोडत बसलेला परग्रहवासी. वेश साधा ठेवा. एप्रिल-मेमध्ये इथला पारा ४०च्या वर जातो, रबरी मुखवट्यात नट अर्ध्या तासात गळून जाईल. बाजारातल्या स्वस्त रंगीत लेन्स डोळ्यांत घालू नका. इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत लावलेली बटणं आणि पापणी न मिटता बोलण्याचा सराव एवढ्यावर पात्र उभं राहतं.

## टप्पा ७: शूटिंगचा क्रम

पटकथेच्या क्रमाने शूट करायचं नाही. पहिल्या दिवशी गटाच्या खोलीतली दृश्यं घ्या, सगळे नट ताजे असतात आणि एकमेकांचा वेग पकडतात. दुसऱ्या दिवशी घर आणि कारखाना. उजेडाची रात्र शेवटी. ती आधी ठेवली तर जागरणाने थकलेले चेहरे पुढच्या सगळ्या संवादांत दिसतात.

साक्षी सलग घ्या, मध्ये न कापता. नट अडखळला तर थांबवू नका, अडखळणं बरेचदा लिहिलेल्यापेक्षा चांगलं असतं. प्रत्येक दृश्यानंतर सगळ्यांना गप्प उभं करून खोलीचा रिकामा आवाज अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. हे हमखास विसरलं जातं, म्हणून क्लॅप धरणाऱ्याच्या पाटीवरच लिहून ठेवा.

## टप्पा ८: आवाज, संपादन आणि प्रदर्शन

यानाचा आवाज विकत घेऊ नका. चालू यंत्रमागाचा एक मिनिटाचा आवाज घ्या, वेग पंचवीस टक्क्यांवर आणा आणि पिच (स्वराची उंची) कायम ठेवण्याचा पर्याय बंद करा. खडखडाटाचा खोल, संथ ठोका होतो. सोलापूरच्या प्रेक्षकाला तो ओळखीचा वाटेल, का ते मात्र कळणार नाही. जॉबरने तो यानात ऐकला आणि म्हणाला, "ह्यांचा पण माग बिघडलाय," तर सातवं दृश्य तिथेच सुटतं.

पहिल्या कटमध्ये संगीत घालू नका. संगीताशिवाय जिथे हसू येत नाही तिथे संगीतानेही येत नाही. उत्तर देण्याआधीची शांतता मात्र जपा. घाईत दोन संवादांमधली जागा कापली जाते आणि विनोद मरतो.

सावधान: जाहिरातीसाठी यानाच्या उजेडाचा तुकडा "काल रात्री सोलापुरात दिसलं" असं लिहून व्हॉट्सअ‍ॅपवर सोडू नका. रात्री ड्रोन दिसल्याच्या बातम्यांनी गावोगावी माणसं काठ्या घेऊन जागली आहेत. भीती पसरली तर कुणीतरी वाटसरू मार खातो, आणि अफवा पसरवल्याचा गुन्हाही दाखल होऊ शकतो. प्रत्येक तुकड्यावर मालिकेचं नाव ठळक, पहिल्या सेकंदापासून.

पूर्ण भाग टाकण्याआधी पटकथा माहीत नसलेल्या सात-आठ जणांना एकत्र बसवून दाखवा. त्यांत एखादी विडी वळणारी बाई, एखादा माग चालवणारा नक्की हवा. तुम्ही पडद्याकडे बघू नका, त्यांच्याकडे बघा आणि मिनिट-सेकंद लिहा: कुठे हसले, कुठे मोबाइल काढला, कुठे शेजाऱ्याला "काय म्हणाला?" विचारलं. तिसऱ्या खुणेचं कारण बहुतेक वेळा आवाजात असतं, तो आधी दुरुस्त करा. दुसऱ्या खुणेच्या आधीची वीस सेकंद कापून बघा. आणि विडीचा हिशोब चुकलाय असं त्या बाईने सांगितलं, तर अक्काची साक्ष परत शूट करा.